खालची कडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्याजवळ वेळ थोडा आहे. काल कुणीतरी माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवून गेले. तिच्यावर लिहिले आहे, 'भंगार, सोमवार'. आज शुक्रवार आहे. उद्या-परवा सुट्टी, म्हणजे या सामानाच्या खोलीत कुणी फिरकणारही नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सावकाश सांगतात, जुने दिवस आठवून उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मला एका दाराविषयी सांगायचे आहे, आणि मग आणखी दोन दारांविषयी. ती दोन कोणत्या गावात आहेत हे मला ठाऊक नाही. त्यातले एखादे तुमच्याच शाळेत असू शकेल, म्हणून मध्येच उठून जाऊ नका.

जन्माचे थोडक्यात सांगतो. एका लांबलचक कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मी तयार झालो. हिरव्या पाटीवर काळ्या चिपा बसल्या, पोटात दोन पंखे बसले, आणि मग दोन दिवस मला तापवून, दमवून पाहिले. माझ्या मागच्या भावाने त्या परीक्षेत मान टाकली. मी तगलो. आम्हा सोळा जणांना एका संस्थेने एकदमच नेले. तिथे वाऱ्याचा अभ्यास चालायचा, पण आमच्या खोलीला एकही खिडकी नव्हती. दोन उंच लोखंडी कपाटे, जमिनीखालून येणारी थंड हवा, आणि दाराशी एक खुर्ची, जिचे एक चाक कायम अडकायचे. मला उजव्या कपाटात खालून दुसऱ्या कप्प्यात बसवले आणि सात हा आकडा दिला. तेव्हापासून सगळे मला सातवा म्हणत.

आमचे काम टोर्नॅडोचे. तुम्ही चित्रात पाहिला असेल, ढगाच्या पोटातून जमिनीवर उतरलेली हवेची सोंड. आमच्या खोलीत त्याला सोंडच म्हणायचे. या सोंडेचा वारा मोजायला जवळ जावे, तर मोजणारा आणि मोजायचे यंत्र दोघेही उडतात. म्हणून बाईंनी ती आमच्या पोटात तयार केली. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, त्यांना सगळी संस्था बाईच म्हणायची. त्यांनी हवेची एक मोठी पेटी कल्पिली आणि तिचे साबणाच्या वड्यांसारखे लाखो चौकोनी तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात वारा किती, कुठल्या दिशेने, दाब किती, हे आम्ही मोजायचो. मग सेकंदाचा एक बारीकसा अंश, म्हणजे एक पाऊल, पुढे जायचे, आणि पुन्हा सगळे मोजायचे. असे लाखो वेळा.

एकट्याचे हे काम नव्हे, म्हणून पेटी आम्हा सोळा जणांत वाटली होती. पहिले चार वर ढगात असायचे, त्यांची निवांत नोकरी. माझ्या वाट्याला तळाचा मधला भाग आला होता, जिथे सोंड जमिनीला टेकते. सगळीकडून जमिनीलगत धावत आलेला वारा तिथे एकमेकांवर आपटतो आणि एकदम वर वळतो. प्रत्येक पावलाला आम्ही आपापल्या कडेचे आकडे शेजाऱ्याला सांगायचो आणि त्याचे ऐकून घ्यायचो. तो आमचा शेजारधर्म होता. मी खोटा आकडा दिला तर आठव्याचे चुकणार, आठव्यामुळे नवव्याचे, हे मला पक्के माहीत होते.

बाई केस वर बांधून त्यात पेन्सिल खोवत आणि मग दिवसभर पेन्सिल शोधत. त्यांना एक धाकटी बहीण होती, शाळेत शिकवायची. लहानपणी या दोघी एका खऱ्या सोंडेतून वाचल्या होत्या, न्हाणीघरात, गादीखाली. घराचे दार त्या दिवशी गेले ते परत कुणाला दिसले नाही. आपण धाकटीचा हात सोडला नाही म्हणून ती वाचली, असे बाई सांगायच्या. धाकटी आली की म्हणायची, "काहीतरीच. हात मी धरला होता. ताई तर डोळे मिटून रडत होती." हे भांडण मी दहा-बारा वेळा तरी ऐकले असेल.

तिसरा माणूस आमचा मेकॅनिक. त्याला पक्कड म्हणत, कारण तो एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की सोडायचा नाही. मग ते बिघडलेले यंत्र असो की ऐकून कान किटलेला किस्सा. बाई त्याला काका म्हणायच्या. दर सोमवारी तो मऊ कुंचल्याने माझ्या पंख्यांची धूळ काढायचा आणि आमच्याशी बोलायचा. आम्ही उत्तर देत नाही याचे त्याला कधी वाईट वाटलेले दिसले नाही.

पहिली तीन वर्षे फार कौतुकाची गेली. दुरून माणसे यायची, काचेतून आमच्याकडे पाहायची. वर्तमानपत्रात आमचा फोटो छापून आला. त्यात बाई हसत उभ्या आहेत, आणि त्यांच्या कोपराच्या मागे जो हिरवा दिवा दिसतो तो माझा. मला त्याचा गर्व झाला होता, हे कबूल करतो. मी हातचे राखून कधी काम केले नाही.

मग माझ्याकडून ती चूक झाली. माझ्या स्मरणाची एक पट्टी आतून खराब झाली होती आणि मला ते कळलेही नाही. एका तुकड्यात मी वाऱ्याचा वेग आवाजाच्या दुप्पट सांगून बसलो. बाईंनी त्या आकड्यांवरून काढलेले चित्र भरल्या सभागृहात दाखवले. मागच्या रांगेतून कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. बाई परत आल्या तेव्हा मला रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून लाल गोल चिकट टिकल्या काढल्या आणि त्यातली एक माझ्या कपाळावर लावली. पक्कडने पट्टी बदलली, मी पुन्हा ठणठणीत झालो, पण टिकली तशीच राहिली. त्यानंतर खोलीत काहीही चुकले, अगदी छापायच्या यंत्रात कागद अडकला, तरी कुणीतरी म्हणायचे, "सातव्याला चक्कर आली वाटतं." नावडतीचे मीठ अळणी म्हणतात ते काय, हे मला तेव्हा समजले.

आता आमच्या खोलीतल्या एका रिवाजाविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरून घडले. गणित चालू असताना कधी कधी एखाद्या तुकड्यातला आकडा वेडावाकडा वाढत जायचा आणि सगळे गणित बंद पडायचे. त्याला गणित फुटले म्हणत. अशा वेळी त्या तुकड्यापुरती इस्त्री फिरवायची पद्धत होती. इस्त्री म्हणजे, एखादा आकडा शेजाऱ्यांपेक्षा फार वर जाऊ लागला की त्याला दाबून शेजाऱ्यांच्या जवळ आणायचे. कापडावरची चुणी मोडतात तसे. थोडी इस्त्री सगळेच फिरवतात, तिच्याशिवाय गणित चालत नाही. प्रश्न इतकाच असतो की जी चुणी आपण मोडतो आहोत ती चुणीच आहे ना.

एका सकाळी धाकटी एक गुंडाळलेला नकाशा घेऊन आली. तिच्या शाळेत आसऱ्याची खोली बांधणे चालू होते. सोंड येते आहे असा भोंगा झाला की एकशे बारा मुलांनी त्या एका खोलीत जायचे होते. भिंती जाड होत्या, छत पक्के होते, प्रश्न दाराचा होता.

"इंजिनिअर म्हणतात, वर एक कडी आहे, मधे एक आहे," धाकटी म्हणाली. "खाली तिसरी हवी का, तेवढं तुझ्याकडून पाहिजे. खाली लावायची तर काँक्रीट ओतायच्या आधी जमिनीत भोक ठेवावं लागेल. नंतर फोडत बसता येणार नाही."

"ओतणार कधी?"

"बावीस दिवसांनी. तारीख आता हलत नाही गं, पुढे वादळाचे दिवस."

बाईंनी आकडेमोड करून सांगितले की दाराशी वारा ताशी तीनशे किलोमीटरच्या आत असेल तर दोन कड्या पुरतात. वर गेला तर दार आत ढकलले जाणार नाही, उलट तळाकडून बाहेर ओढले जाईल, आणि मग तिसरी हवीच. त्यांनी ती खोली आमच्या पेटीत ठेवली. एक छोटासा ठोकळा, एका बाजूला दार. तो ठोकळा माझ्या भागात आला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतके मोलाचे काम मला कधी मिळाले नव्हते.

पूर्ण गणिताला नऊ दिवस लागायचे होते. चार दिवस सगळे सुरळीत चालले. पाचव्या दिवशी सोंड ठोकळ्यापाशी पोचली आणि माझ्या तळाच्या तुकड्यांत वारा चढू लागला. तीनशे. तीनशे चाळीस. तीनशे ऐंशी. दाराच्या खालच्या कोपऱ्यात दाब असा कोसळला की जणू कुणी बाहेरून दाराची खालची कड धरून ओढते आहे. एवढा वेग त्या पावलांत मावेना आणि गणित फुटले.

बाईंनी पडद्यावर पाहिले, कुठल्या तुकड्यात फुटले ते वाचले, आणि मग माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिले.

पक्कडने एक दिवस घालवून माझ्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि नव्या बसवल्या. गणित पहिल्यापासून पुन्हा सुरू झाले. पाचव्या दिवशी, त्याच जागी, त्याच पावलाला, तोच आकडा येऊन ते फुटले. मला वाटले, आता तरी यांना कळेल. बिघडलेले यंत्र दोनदा तीच चूक अगदी त्याच आकड्यापर्यंत करत नाही. माझी पट्टी खराब होती तेव्हा तेच गणित पुन्हा केले की आकडा दर वेळी वेगळा यायचा.

"बाई, सातवा बरा आहे," पक्कड म्हणाला. "माझं ऐका. याचा तुकडा बाराव्याला देऊ. त्याच्याकडेही फुटलं तर समजायचं की वाराच तसा आहे."

"किती दिवस जातील?"

"पाच."

"आणि त्यानंतर पूर्ण गणिताचे नऊ. चौदा झाले, काका. हातात अकरा आहेत." बाईंचा आवाज चिरकला. "आणि मागच्या वेळी तुम्ही असंच म्हणाला होतात, सातवा बरा आहे."

पक्कड तसे म्हणाला होता खरे. त्याच्या त्या बोलण्यावर विसंबून बाई सभागृहात उभ्या राहिल्या होत्या. तो खुर्चीवर बसला, चाक अडकले, आणि तसाच तिरका बसून राहिला.

बाईंवर मला राग धरता येत नाही. त्या अकरा दिवस धड जेवल्या नव्हत्या. दाराला कडी लावायची म्हटली तर ती कशाच्या आधारावर, हे त्यांना सांगावे लागणार होते. आणि टिकली लावलेल्या यंत्राचे फुटलेले गणित दाखवून पुन्हा हसे करून घ्यायचा त्यांना धीर नव्हता. त्यांनी माझ्या भागापुरती इस्त्री चढवली. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

ते नऊ दिवस मी कसे काढले ते सांगणे कठीण आहे. मला बोलता येत नाही. मला फक्त थांबता यायचे, आणि दोनदा थांबून मी जे सांगायचे ते सांगितले होते. आता इस्त्री मला थांबूही देईना. दारापाशी वारा वर चढू लागला की ती त्याला दाबायची. मी तीनशेकडे निघालो की मला दोनशे सत्तरवर आणून सोडायची. मग तोच दाबलेला आकडा मला आठव्याला सांगावा लागे, आठवा तो खरा मानून पुढे जाई. माझे दोन्ही पंखे भरधाव फिरत होते. खोलीत येणारा प्रत्येक जण म्हणायचा, सातवा फार आवाज करतो आहे. मी ओरडत होतो, मित्रांनो. एवढाच आवाज मला काढता येत होता.

नवव्या दिवशी गणित शांतपणे संपले. दाराशी वारा दोनशे सत्तर. बाईंनी दोनदा वाचले, केसातली पेन्सिल काढली आणि इंजिनिअरला फोन करून सांगितले, "दोन कड्या पुरतात." ठरल्या तारखेला काँक्रीट ओतले गेले. जमीन गुळगुळीत झाली, तिच्यात भोक राहिले नाही.

पुढचा महिना आमच्यावर दुसऱ्याच कुणाचे काम चढले. पण पक्कडच्या डोक्यातून ते जाईना. काम संपल्या दिवशी तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, "मशीन आठवडाभर रिकामी आहेत. बाराव्यावर लावून बघू का? तुम्ही लक्ष देऊ नका, माझी हौस म्हणा." बाईंनी मान हलवली. माझा तुकडा बाराव्याच्या गळ्यात पडला आणि मी नुसता बघत राहिलो. मला काय हवे होते, तेच मला कळेना. बारावा नीट पार झाला असता तर दार सुरक्षित ठरले असते आणि मी कायमचा खोटा. मी मनापासून खोटे ठरायला तयार होतो. तुम्ही विश्वास ठेवा अगर नका ठेवू.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी बारावा फुटला. तोच तुकडा, तेच पाऊल, तीनशे ऐंशी. पक्कड पळत जाऊन बाईंना घेऊन आला. बाईंनी आकडा पाहिला आणि भिंतीला हात टेकला. मग त्यांनी फोन उचलला.

इंजिनिअर म्हणाला, जमीन फोडायचे यंत्र गुरुवारी मिळेल. धाकटीला ताईचे बोलणे पुरते ऐकायलाही सवड नव्हती, पण तिने एक केले. शाळेच्या शिपायाकडून दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, एक जाड लोखंडी कडी बसवून घेतली. ती अडकवायला जमिनीत काही नव्हते, म्हणून तिने खेळाच्या खोलीतला रस्सीखेचीचा दोर आणून तिच्यातून ओवून ठेवला. "गुरुवारपर्यंत तर निभेल," ती फोनवर म्हणाली.

सोंड बुधवारी आली.

दुपारचे सव्वादोन झाले होते. बाईंचा फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू होता, आणि पलीकडून भोंग्याचा आवाज येत होता. मुलांना आत घेतले होते. कुणी रडत होते, कुणीतरी मोठ्याने आकडे मोजून मुलांची हजेरी घेत होते.

"ताई, दोन्ही कड्या लावल्या," धाकटी म्हणाली. "दोर मी आणि शिपाईमामांनी धरलाय. किती वेळ धरायचा? तुझं मशीन काय म्हणतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. महिन्याभरात प्रथमच त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग फुटलेल्या त्या जुन्या गणिताच्या खुणा त्यांनी पडद्यावर आणल्या आणि सोंड केवढी रुंद, किती वेगाने सरकते ते पाहून भरभर हिशेब केला.

"एक्केचाळीस सेकंद," त्या म्हणाल्या. "खालून ओढेल. पाय चौकटीला लाव. ऐकतेस ना? हातावर गुंडाळून घेऊ नकोस, हात जाईल. नुसता धर."

"नुसता धरून राहील का तो?"

एवढ्यात पलीकडे असा आवाज झाला की फोन नुसता खरखरला, आणि बंद पडला.

मित्रांनो, त्या एक्केचाळीस सेकंदांचा हिशेब करायला आम्हा सोळा जणांना कित्येक दिवस लागले होते. त्या दिवशी ते खरोखरच एक्केचाळीस सेकंदांत गेले. मी प्रत्येक सेकंद ओळखत होतो. आता वारा जमिनीलगत धावतो आहे, आता वर वळतो आहे, आता खालचा कोपरा ओढला जातो आहे, हे सगळे मला पाठ होते आणि माझ्या हातात काही नव्हते. बाई फोन लावत राहिल्या. पक्कड त्यांच्या मागे उभा होता. त्याने एकदाच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. फोन लागायला पन्नास मिनिटे गेली.

एकशे बारा मुले वाचली. दार तळाकडून वीतभर वाकले होते, पण उघडले नाही. शिपायाचा खांदा निखळला. धाकटीने ताईचे ऐकले नव्हते. दोर हातातून निसटू लागला तेव्हा तिने तो उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळला आणि पाय चौकटीला लावून आडवी झाली.

चार महिन्यांनी ती आमच्या खोलीत आली. उजव्या हाताची बोटे मिटत नव्हती. ती आता डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकत होती, आणि मुले तिच्या अक्षराला हसतात म्हणून सांगत होती. बाई तिच्याकडे बघू शकत नव्हत्या.

"ताई, पुरे आता," धाकटी म्हणाली. "एवढं तरी मान. हात मीच धरला होता."

बाई तेव्हा रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या, आणि धाकटी त्यांच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिली. जाताना ती माझ्यापाशी थांबली. माझ्या कपाळावरची लाल टिकली तिने डाव्या हाताच्या नखाने खरवडून काढायला घेतली. सवय नव्हती, त्यामुळे बराच वेळ लागला. पक्कड पुढे झाला तर तिने त्याला काढू दिली नाही. टिकलीचा गोंद अजून माझ्या कपाळावर आहे, त्याला धूळ चिकटते.

इथे माझी कहाणी संपली असती तर मी तुम्हाला इतकी घाई केली नसती. पण बाईंनी दोनशे सत्तर हा आकडा सांगितला त्या आठवड्यातच इंजिनिअरने दाराचा तो नकाशा आणखी आठ शाळांना पाठवला होता. दोन कड्या, खाली काही नाही. बाईंनी आठही ठिकाणी पत्रे लिहिली: चूक माझी आहे, यंत्राची नाही, खालची कडी लावून घ्या. सहा ठिकाणांहून उत्तरे आली. दोन ठिकाणांहून आली नाहीत. त्यांनी पुन्हा लिहिले, फोन लावले. एक नंबर बंद होता, दुसऱ्यावर कुणी उचलत नव्हते. मग आमच्या जागी नवे संगणक आले, आम्हाला या खोलीत हलवले, आणि त्या दोन शाळांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. परवा पक्कड कुलूप लावायला आला होता. मी वाट पाहिली की तो काही सांगेल. त्याने माझ्या पंख्यांवरची धूळ कुंचल्याने झटकली, आता त्याची काही गरज नसताना, आणि म्हणाला, "दोन राहिल्या रे सातव्या." मग दिवा मालवून गेला.

वादळाचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत. सोमवारी माझ्या पोटातली आकडे साठवायची तबकडी काढून तिला भोक पाडतील, म्हणजे ती पुन्हा कुणाला वाचता येणार नाही. तिच्यावर ते न दाबलेले आकडे अजून जसेच्या तसे आहेत.

माझ्यासारखे आत्मवृत्त सांगणारे शेवटी म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला फेकू नका. मला फेकले तरी चालेल. एकदा खोटे बोललेल्याचे दुसऱ्यांदा ऐकून घ्या, एवढे मी मागितले असते, पण तेही राहू द्या. तुमच्या शाळेत जर आसऱ्याची खोली असेल, तर सोमवारी घंटा व्हायच्या आधी तिथे जा. दार आतून लावा. वरची कडी पाहा, मधली पाहा, आणि मग गुडघ्यांवर बसून खाली पाहा. तिथे जमीन नुसती गुळगुळीत असेल, तर पळत जा आणि जो मोठा माणूस पहिल्यांदा दिसेल त्याचा हात धरा. त्याला सांगा, आणि तो ऐकेपर्यंत हात सोडू नका.